मराठाकालीन शस्त्रांची अस्सलता

मराठाकालीन शस्त्रांची अस्सलता ठरविणे म्हणजे तलवार, दांडपट्टा, कट्यार, बिचवा, वाघनखे यांसारखे एखादे शस्त्र खरोखर जुने आहे, की शोभेसाठी अथवा पर्यटकांना विकण्यासाठी घडविलेले आहे, याची तपासणी करणे होय. वस्तू किती जुनी आहे, ती लढण्यासाठी घडविली होती काय आणि ती अमुक एका व्यक्तीची होती काय, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून उरलेल्या दोहोंचे मिळत नाही.

पार्श्वभूमी

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि पुढील वर्षी पेशवाई संपुष्टात आली. मराठ्यांची काही शस्त्रे सरदार घराण्यांत व देवस्थानांत राहिली, तर काही इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर विलायतेस गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात युरोपीय प्रवाशांसाठी नक्षीदार शस्त्रे मुद्दाम घडविली जाऊ लागली. पॅसिफिक महासागरातील फिजी व टोंगा बेटांवरील कोरीव लाकडी सोट्यांच्या बाबतीतही असेच घडले. १९७२ च्या पुरावस्तूविषयक केंद्रीय कायद्यानुसार अशी वस्तू शंभर वर्षे जुनी असल्यास पुरावस्तू ठरू शकते. मात्र तेवढ्याने ती रणांगणावरची ठरत नाही.

प्रत्यक्ष तपासणी

जुन्या तलवारीचे पाते मुठीकडे जाड व टोकाकडे पातळ होत जाते, त्यामुळे ती हातात हलकी भासते. शोभेच्या तलवारीचे पाते बहुधा एकसारख्या जाडीच्या पत्र्यातून कापलेले असते. जुनी मूठ पात्याच्या शेपटावर राळेसारख्या चिकट पदार्थाने बसविलेली असते. तेथे आटे पाडलेला स्क्रू वा वेल्डिंग दिसल्यास संशय घ्यावा, पण नंतरची दुरुस्तीही शक्य असते. कोफ्तगिरीत पोलादावर बारीक रेघा पाडून त्यांवर सोन्याची तार ठोकलेली असते. या रेघा भिंगाखाली दिसतात, सोनेरी मुलाम्यात दिसत नाहीत.

जुना गंज गडद तपकिरी व घट्ट असतो, तर आम्लाने आणलेला गंज सहसा नारिंगी व भुसभुशीत असतो. खंडेनवमीला घरातील तलवार पॉलिश पेपरने घासून लखलखीत करण्याची हौस या दृष्टीने घातक आहे, कारण त्यात पुरावाच नाहीसा होतो.

पात्यावरील छापांवर विसंबणे धोक्याचे असते. मराठ्यांत युरोपीय पात्यांच्या 'फिरंगी' तलवारींना मान होता. त्यामुळे ‘जेनोवा’सारखी नावे येथील कारागीरही पात्यांवर उमटवीत. असा छाप नकली असला, तरी तलवार सतराव्या-अठराव्या शतकातील असू शकते. याउलट, बिकानेरच्या शस्त्रागारातील काही दख्खनी शस्त्रांवर टिंबांनी कोरलेले देवनागरी लेख आहेत. १६८९ मध्ये अदोनी येथे ती हाती आल्याची नोंद त्यांत असल्याने त्यांचे मूळ निश्चित करता येते.

मर्दानी खेळांसाठी किंवा शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी आज बनविलेले पट्टे बनावट म्हणता येत नाहीत. जुने म्हणून ते विकले, तरच फसवणूक होते.

वाघनखांचे उदाहरण

खडकीच्या लढाईच्या काळात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या हाताखाली असलेला जेम्स ग्रँट डफ पुढे साताऱ्यास रेसिडेंट झाला. त्याच्या वंशजांकडून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयास मिळालेली वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्यातील संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली. त्यांच्या पेटीवरील मजकुरात, शिवाजी महाराजांनी ज्या वाघनखांनी मुघल सेनापतीस मारले ती हीच, असे म्हटले आहे. तेथे अभिप्रेत असलेला अफझलखान आदिलशाही सरदार होता. शिवाय १६५९ ची प्रतापगडावरील भेट आणि ग्रँट डफचा साताऱ्यातील मुक्काम यांत सुमारे १६० वर्षांचे अंतर आहे. ही चूक वाघनखे नवी असल्याचे सिद्ध करीत नाही, केवळ मजकूर लिहिणाऱ्याची माहिती ऐकीव होती एवढेच दाखविते. ही वाघनखे महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खातरजमा करता आलेली नाही, अशी लंडनच्या संग्रहालयाची भूमिका आहे.