बोटभर खेळाडूंचे रंग

फुटबॉलमधल्या दोन मोठ्या संघांना त्यांचे रंग इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहराने दिले. 1865 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लब निघाला, तेव्हा सभासदांनी डझनभर लाल टोप्या घ्यायचं ठरवलं. इटलीत क्रांतिकारक नेता गॅरिबाल्डीचे अनुयायी लाल सदरे घालत, म्हणून लाल. 1886 मध्ये लंडनच्या वुलिच शस्त्रागारातल्या कामगारांनी संघ काढला. त्यांत पूर्वी फॉरेस्टकडून खेळलेले काही जण होते. त्यांनी जुन्या क्लबकडे मदत मागितली आणि फॉरेस्टने लाल जर्सींचा संच पाठवून दिला. तो संघ म्हणजे आजचा आर्सेनल. 1903 मध्ये तूरिनच्या युव्हेंटसला विटलेल्या गुलाबी जर्सी बदलायच्या होत्या. नव्या जर्सी आल्या त्याही नॉटिंगहॅमहून, नॉट्स काउंटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या. युव्हेंटसने हे ऋण लक्षात ठेवलं. 2011 मध्ये त्यांचं नवं मैदान खुलं झालं, तेव्हा पहिल्या सामन्याचे पाहुणे होते नॉट्स काउंटी.

याच नॉटिंगहॅमच्या लेंटन भागात गेम्स वर्कशॉप या कंपनीचं मुख्यालय आहे. ऑर्क, एल्फ, खुजे आणि उंदीरमानव यांच्या बोटभर उंचीच्या मूर्ती बनवणारी ही कंपनी. तिच्या आसपास याच धंद्यातल्या इतक्या कंपन्या वाढल्या की हौशी मंडळी या परिसराला ‘लेड बेल्ट’ म्हणतात, कारण या मूर्ती पूर्वी शिशाच्या मिश्रधातूत ओतल्या जात. आता बहुतेक मूर्ती प्लॅस्टिकच्या असतात. कारखान्यातून त्या राखाडी आणि सुट्या भागांत येतात. जोडणं आणि रंगवणं हे विकत घेणाऱ्याचं काम, आणि हजारो लोकांना खेळापेक्षा हेच काम प्रिय आहे.

या मूर्ती मांडून टेबलावर खेळायच्या खेळांपैकी ‘ब्लड बोल’ माझ्या विशेष आवडीचा. जर्विस जॉन्सन यांनी तो रचला आणि 1986 मध्ये तो बाजारात आला. ब्रिटनमध्ये चॅनल फोरवर 1982 पासून अमेरिकन फुटबॉल दिसू लागला होता, आणि शिरस्त्राणं, खांद्यांवरची जाड कवचं, भडक जर्सी यांचं वेड नवं होतं. जॉन्सन यांनी ते वेड राक्षसांच्या दुनियेत नेलं. ‘ओर्कलँड रेडर्स’, ‘डार्कसाइड काउबॉइज’ ही संघांची नावं वाचली की मूळ अमेरिकन संघ ओळखू येतात. पहिल्या आवृत्तीत खेळाडू पुठ्ठ्याचे होते, छापील रंगांचे. 1988 च्या दुसऱ्या आवृत्तीत प्लॅस्टिकच्या मूर्ती आल्या आणि संघाचा रंग ठरवण्याचा अधिकार घरोघरी पोहोचला.

हा अधिकार वापरायचा कसा? मैदान 26 घरं लांब आणि 15 घरं रुंद असतं. प्रत्येक संघाचे 11 खेळाडू मैदानात, संघात जास्तीत जास्त 16. साधा लाइनमन, धडक देणारा ब्लिट्झर, चेंडू फेकणारा थ्रोअर, झेलणारा कॅचर अशा भूमिका वेगवेगळ्या. समोरच्या माणसाला टेबलापलीकडून, हातभर अंतरावरून, आपल्या कुठल्या खेळाडूपासून काय धोका आहे हे एका नजरेत कळलं पाहिजे. त्यामुळे इथे रंगसंगती आधी वाचता यावी लागते. ती सुंदर दिसणं त्यानंतर येतं. हा क्रम मी आग्रहाने मांडतो, कारण नवशिके नेमका उलटा क्रम धरतात. ते तीस मिलिमीटरच्या मूर्तीवर सात रंग चढवतात, प्रत्येक पट्टा, प्रत्येक बक्कल वेगळं काढतात. हातात धरली की मूर्ती देखणी दिसते, आणि मैदानात ठेवली की तिचा नुसता चिखल होतो. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा पाहा. लाल पागोटं, पांढरा अंगरखा, काळी मिशी, एवढ्यावर तो रस्त्यावरूनही मावळा दिसतो. संघालाही एक मुख्य रंग, एक दुय्यम आणि ठिणगीसारखा एक तिसरा, एवढे पुरतात. मुख्य रंग अंगाच्या निम्म्याहून अधिक भागावर हवा आणि तो प्रत्येक खेळाडूवर त्याच जागी हवा. शिरस्त्राण आणि खांद्यांची कवचं या त्यासाठी उत्तम जागा, कारण वरून पाहणाऱ्याला त्याच दिसतात.

खेळाचं मैदान बहुधा हिरवं असतं, आणि ऑर्कची कातडीही हिरवी. म्हणून ऑर्क संघाला लाल जर्सी देण्याचा मोह होतो. रंगचक्रावर हिरव्यासमोर लालच येतो आणि दोघं एकमेकांना उजळवतात. यामागचं शास्त्र जुनं आहे. पॅरिसच्या गोबलँ गालिचा-कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांच्याकडे तक्रार आली की काळा धागा फिका दिसतो. त्यांनी तपासलं तर रंग पक्का होता. दोष होता काळ्याच्या शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्याचा. शेजारच्या रंगामुळे रंग बदललेला दिसतो, हा सिद्धांत त्यांनी 1839 मध्ये ग्रंथरूपाने मांडला. मूर्ती रंगवणारे त्याचा रोज उपयोग करतात.

पण लाल-हिरव्यात एक खड्डा आहे. 12 नोव्हेंबर 2015 च्या रात्री अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात न्यूयॉर्क जेट्स नखशिखांत हिरव्यात आणि बफेलो बिल्स नखशिखांत लाल रंगात उतरले. लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्या प्रेक्षकांना दोन संघ वेगळे ओळखताच येईनात, आणि तक्रारींचा पाऊस पडला. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांपैकी एकाला हा रंगांधळेपणा असतो. पुढच्या वर्षी हेच संघ भिडले तेव्हा जेट्स पांढऱ्यात आले. खेळाच्या टेबलावर बसणारा प्रतिस्पर्धीही त्या बारांपैकी एक असू शकतो. म्हणून केवळ रंगछटेवर विसंबू नये, उजेड-अंधाराचा फरकही ठेवावा. गडद शेंदरी जर्सीतल्या ऑर्कला पिवळट हाडाच्या रंगाचं शिरस्त्राण दिलं की काम होतं. पारख सोपी आहे. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढावा. त्यात जर्सी आणि कातडी एकाच राखाडीत विरघळली, तर रंग बदलावा. टीव्ही कृष्णधवल होता त्या काळात अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगने एका संघाला गडद आणि दुसऱ्याला फिकी जर्सी घालायला लावली, तीही याच कारणाने.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. मूर्ती लहान झाली तरी खोलीतला दिवा लहान होत नाही. त्यामुळे तिच्या चुण्यांत आणि स्नायूंखाली पुरेशी सावली पडत नाही, आणि नुसता सपाट रंग लावला की ती खेळणं दिसते. सावली आणि उजेड दोन्ही रंगवूनच आणावे लागतात. आधी प्रायमरचं अस्तर. बरेच जण काळं अस्तर देऊन वरच्या बाजूने पांढरा फवारा मारतात, म्हणजे डोक्यावर सूर्य असल्यासारखी सावली आपोआप आखली जाते. मग मूळ रंगाचे दोन पातळ हात. एका जाड हाताने कोरीव काम बुजतं. त्यावर ‘वॉश’, म्हणजे पाण्यासारखा गडद रंग, जो उंचवट्यांवरून ओघळून खाचांत साचतो. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर फिका रंग घासायचा. 2019 मध्ये गेम्स वर्कशॉपने ‘कॉन्ट्रास्ट’ नावाचे रंग आणले. फिक्या अस्तरावर त्यांचा एकच हात दिला की सावली आणि उजेड दोन्ही मिळतात. जुनी मंडळी त्याला पळवाट म्हणतात. मला ते पटत नाही. सोळा खेळाडूंचा संघ अर्धवट राखाडी पडून राहण्यापेक्षा एका हातात पुरा झालेला बरा.

रंग निवडताना प्रत्येक रंगाचा स्वभाव माहीत हवा. पिवळा फार पारदर्शक असतो. काळ्यावर तो कितीही चढवा, शेवाळीच दिसतो. त्याच्याखाली गेरू किंवा गुलाबी हवा. लालाला उजेड देताना पांढरा मिसळला की तो गुलाबी होतो, म्हणून नारिंगी मिसळतात. पांढरी जर्सी सर्वांत कठीण. ती फिक्या राखाडीपासून सुरू करावी आणि शुद्ध पांढरा फक्त कडांवर ठेवावा. रेक्लँड रीव्हर्स या मानवी संघाचे निळे-पांढरे रंग खोक्यावर फार सोपे दिसतात, पण त्या पांढऱ्यापायी अनेक नवशिक्यांनी हा संघ अर्ध्यावर सोडला असेल.

डोळ्यांची आखणी आणि पाठीवरचा आकडा यांना टोकदार ब्रश लागतो. त्यासाठी नावाजलेला ब्रश म्हणजे विन्सर अँड न्यूटनची ‘सीरिज सेव्हन’. 1866 मध्ये राणी व्हिक्टोरियासाठी ती प्रथम बनली. तिचे केस कोलिन्स्कीचे, म्हणजे सायबेरियन वीझलच्या शेपटीचे. हा प्राणी आपल्या हिमालयातही राहतो, आणि वन्यजीव व्यापाराच्या ‘साइट्स’ करारात तो तिसऱ्या परिशिष्टात नोंदवला गेला, तो भारताच्या सांगण्यावरून. आपल्या बाजारात याहून वाईट गोष्ट घडते. मुंगुसाच्या केसांचे ब्रश इथे चोरून विकले जातात. मुंगूस वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, आणि 2019 मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ ही मोहीम याच धंद्याविरुद्ध चालवली. आजचे कृत्रिम तंतूंचे ब्रश या कामाला पुरेसे चांगले आहेत. त्यांचं टोक काही महिन्यांत वळतं, तेव्हा नवा घ्यावा. केस कशाचे आहेत हे दुकानदाराला सांगता येत नसेल, तर तो ब्रश घेऊ नये.

भूमिका वेगळ्या दाखवण्यासाठी संघाचे रंग मोडू नयेत. मूर्तीच्या गोल बैठकीची कड त्यासाठी मोकळी असते. ब्लिट्झरची कड लाल, थ्रोअरची पांढरी, असं काहीतरी ठरवून सामन्याआधी प्रतिस्पर्ध्याला सांगावं. खेळाडू अनुभवाने नवी कौशल्यं शिकतो, तेव्हा बैठकीभोवती रंगीत कडी अडकवतात. आकडा मात्र पाठीवर ठळक हवा, कारण चार-सहा सामने एकत्र काढल्यावर तीन नंबरचा लाइनमन हा एक माणूस झालेला असतो.

1987 मध्ये नॉटिंगहॅमच्या या कंपनीने ‘गोल्डन डेमन’ ही रंगकामाची स्पर्धा सुरू केली. सर्वोत्तम मूर्तीला तिथे खरीखुरी तलवार मिळते. त्या मूर्ती काचेमागे भिंगातून पाहाव्यात आणि त्यांतून शिकावं. पण आपला संघ रंगवताना त्यांची नक्कल नको, आणि खोक्यावरच्या चित्राचीही नको. फॉरेस्टच्या सभासदांनी लाल रंग निवडला तो त्यांना एका माणसाबद्दल काही वाटत होतं म्हणून. आपल्या शाळेच्या गणवेशाचा, गावाच्या तालमीचा, आवडत्या कबड्डी संघाचा रंग घ्यायला कुणाचीही आडकाठी नाही. या दिवाळीत ‘ब्लड बोल’च्या एखाद्या संघाचा संच घरी येणार असेल, तर त्यातल्या बारा मूर्तींपैकी आधी एकच लाइनमन पूर्ण रंगवा. तो हिरव्या मैदानावर ठेवून चार पावलं मागे जा, कृष्णधवल फोटो काढा आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाही विचारा, कुठल्या संघाचा दिसतो. उत्तर लगेच मिळालं, तरच बाकीच्या अकरांचं अस्तर सुरू करा.