बसही त्यांची, रेल्वेही त्यांची

१३, १९ आणि ४१. लंडन ते एडिनबरा या एकाच रेल्वेमार्गासाठी तीन कंपन्यांनी वेगवेगळ्या वेळी ब्रिटिश सरकारला वर्षाला सरासरी किती कोटी पौंड देण्याचं कबूल केलं, त्याचे हे आकडे. २००५ मध्ये जीएनईआरने दहा वर्षांसाठी १३० कोटी पौंडांची बोली लावली. तिची मूळ कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर २००७ मध्ये नॅशनल एक्सप्रेसने सात वर्षं चार महिन्यांसाठी १४० कोटी मान्य केले. २०१५ मध्ये स्टेजकोच आणि व्हर्जिनच्या भागीदारीने आठ वर्षांसाठी ३३० कोटी. महागाई वजा केली तरी चढण उभीच आहे. तिघींपैकी एकीनेही कराराची मुदत पूर्ण केली नाही.

या तिघींतल्या नॅशनल एक्सप्रेस आणि स्टेजकोच मूळच्या बसवाल्या. १९८६ ते १९९७ या अकरा वर्षांत ब्रिटनने आधी बस आणि मग रेल्वे खासगी हाती दिली. त्यातून स्टेजकोच, फर्स्टग्रुप, अराइव्हा, गो-अहेड आणि नॅशनल एक्सप्रेस या पाच मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. पाचही जणी बस चालवत आणि रेल्वेही. त्यांची आपसातली स्पर्धा प्रवाशाच्या पदरात काय टाकते, हा प्रश्न तेव्हापासून आकड्यांनी तपासता येतो.

आधी रस्ता पाहू. २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडनबाहेर कोणत्याही परवानाधारक कंपनीने आगाऊ नोंदणी करून हव्या त्या मार्गावर हव्या त्या दराने बस सोडावी, अशी मुभा मिळाली. एकाच थांब्यावर दोन-तीन कंपन्यांच्या गाड्या येतील आणि भाडी उतरतील, ही अपेक्षा होती. ही लढाई कशी लढली गेली, ते डार्लिंग्टन शहराने दाखवलं. १९९४ मध्ये तिथल्या नगरपालिकेने आपली बस कंपनी विक्रीला काढली. स्टेजकोचला ती मिळाली नाही. मग स्टेजकोचने तिचेच चालक बोनस देऊन आपल्याकडे ओढले आणि त्याच मार्गांवर फुकट बस सुरू केली. नगरपालिकेची कंपनी काही आठवड्यांत बंद पडली. मक्तेदारी आयोगाने १९९५ च्या अहवालात या वागण्याला निंद्य आणि लोकहिताविरुद्ध ठरवलं, पण तोवर प्रतिस्पर्धी उरलेलाच नव्हता.

२०११ मध्ये स्पर्धा आयोगाने लंडनबाहेरचा हिशेब मांडला. बस कंपन्या बाराशेच्या आसपास, पण जवळजवळ ७० टक्के प्रवासी या पाच जणींकडे. एकाच मार्गावर समोरासमोर स्पर्धा दुर्मीळ. स्पर्धेच्या या अभावामुळे होणारं नुकसान आयोगाने वर्षाला ११.५ ते ३०.५ कोटी पौंडांच्या दरम्यान धरलं. मोठ्या कंपन्या एकमेकींच्या शहरात शिरत नव्हत्या. शिरलं की आपल्या शहरात उट्टं निघणार, हे प्रत्येकीला ठाऊक होतं.

लंडन मात्र या खुल्या बाजारातून वगळलं होतं. तिथे मार्ग, वेळापत्रक आणि भाडं सरकारी संस्था ठरवते आणि कंपन्या मार्ग चालवण्याच्या ठेक्यासाठी निविदा भरतात. (बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या गाड्यांना किलोमीटरमागे पैसे मिळतात, त्याच जातीची ही पद्धत.) १९८५-८६ मध्ये लंडनच्या बसमधून सुमारे ११५ कोटी फेऱ्या झाल्या होत्या. २०१८-१९ मध्ये त्या २२० कोटींच्या आसपास गेल्या. त्याच काळात मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लिव्हरपूल, लीड्स अशा इंग्लंडमधल्या इतर महानगर क्षेत्रांतला आकडा २०० कोटींवरून १०० कोटींच्या खाली आला. लंडनची लोकसंख्या वाढली, सरकारने पैसा ओतला, २००३ पासून मध्यवर्ती भागात मोटारींवर गर्दी-शुल्क लागलं. हे सगळं जमेस धरायलाच हवं. तरीही बस चालवणाऱ्या बऱ्याच कंपन्या दोन्हीकडे त्याच होत्या. फरक होता तो त्यांना कशासाठी भांडायला लावलं याचा, आणि माझ्या मते तोच निर्णायक ठरला.

आता या गोष्टीतला सर्वांत बोलका भाग. बस आणि रेल्वे एकाच मालकाची असेल तर त्या दोघींतली स्पर्धाच संपते. १९९७ मध्ये स्कॉटलंडची बहुतेक सगळी रेल्वे, म्हणजे स्कॉटरेल, नॅशनल एक्सप्रेसला मिळाली. त्या वेळी स्कॉटिश सिटीलिंक ही लांब पल्ल्याच्या बसची कंपनीही तिचीच होती. ग्लासगोहून इनव्हर्नेसला जाणाऱ्याने रेल्वे महाग म्हणून बस धरली, तरी पैसे एकाच तिजोरीत. नियामकांनी तिला सिटीलिंक विकायला लावली आणि १९९८ मध्ये ती विकली गेली. २००४ मध्ये स्कॉटरेल फर्स्टग्रुपकडे जाताना हाच प्रश्न पुन्हा आला, कारण ग्लासगोच्या शहर बससेवेत फर्स्टचाच वरचष्मा होता.

पुढे रेल्वे विरुद्ध रेल्वे असाही गुंता झाला. २०१७ मध्ये फर्स्ट आणि हाँगकाँगच्या एमटीआरला साउथ वेस्टर्न रेल्वेचा ठेका मिळाला. लंडन ते एक्सेटर दोनच थेट मार्ग आहेत, एक हा, आणि दुसऱ्यावरची ग्रेट वेस्टर्न आधीपासून फर्स्टचीच होती. भाडेवाढीवर बंधन घेण्याची हमी फर्स्टने दिली, तेव्हा प्रकरण मिटलं. निविदेत स्पर्धा झाली, प्रवाशाच्या वाट्याला मात्र दोन्ही मार्गांवर एकच कंपनी आली.

रेल्वेतली खरी झुंज निविदेच्या दिवशीच व्हायची. जी सर्वांत जास्त आशा बाळगेल ती जिंकायची, आणि आशा फसली तर ठेका परत करून बाहेर पडायची. नॅशनल एक्सप्रेसने २००९ मध्ये ईस्ट कोस्ट, म्हणजे तोच लंडन-एडिनबरा मार्ग, सोडला, तेव्हा तिचं नुकसान सुमारे ७.२ कोटी पौंडांचं होतं. कबूल केलेले १४० कोटी समोर ठेवले तर ही बाहेर पडण्याची स्वस्त किंमत होती. स्टेजकोच-व्हर्जिनने २०१८ मध्ये जवळजवळ २० कोटी गमावले. मधल्या काळात, २००९ ते २०१५, हाच मार्ग सरकारने स्वतः चालवला आणि तिजोरीत सुमारे १०० कोटी पौंड भरले. खासगीकरणाच्या बाजूनेही एक भक्कम आकडा आहे, तो दडवू नये: रेल्वेच्या फेऱ्या १९९४-९५ मधल्या ७३.५ कोटींवरून २०१८-१९ मध्ये १७५ कोटींवर गेल्या. पण त्याच काळात लंडनमधल्या नोकऱ्याही वाढल्या आणि रस्तेही तुंबले, त्यामुळे सगळं श्रेय ठेकेदारांना देणं मला पटत नाही.

निविदा काढणारं सरकारही चुकत होतं. २०१२ मध्ये वेस्ट कोस्ट या रेल्वेमार्गाचा ठेका फर्स्टग्रुपला जाहीर झाला आणि ३ ऑक्टोबरला, गणितात चुका सापडल्या म्हणून, रद्द झाला.

मग एकेक कंपनी पांगली. अराइव्हा २०१० मध्ये जर्मनीच्या सरकारी रेल्वेने घेतली होती, तीही पुढे गुंतवणूक कंपनीला विकली. नॅशनल एक्सप्रेसने २०१७ मध्ये ब्रिटनमधली शेवटची रेल्वे इटलीच्या सरकारी कंपनीला दिली. २०१९ मध्ये पेन्शनच्या बोज्यावरून स्टेजकोच तीन निविदांतून बाद झाली आणि रेल्वेतून उठली. २०२२ मध्ये स्टेजकोच आणि गो-अहेड दोन्ही गुंतवणूकदारांच्या हाती गेल्या. पाचांपैकी लंडनच्या शेअर बाजारात आज दोनच आहेत: फर्स्टग्रुप, आणि मोबिको हे नवं नाव घेतलेली नॅशनल एक्सप्रेस.

बसचं वारं उलट फिरलं ते मँचेस्टरमध्ये. लंडनसारखी पद्धत आणू नये म्हणून स्टेजकोच न्यायालयात गेली, २०२२ मध्ये हरली, आणि नंतर त्याच पद्धतीत निविदा भरून ठेके मिळवले. सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात तिथली सगळी बससेवा महापौरांच्या नियंत्रणाखाली आली. रेल्वेचे उरलेले ठेकेही सरकारकडे परत घेतले जात आहेत, आणि २५ मे २०२५ रोजी साउथ वेस्टर्नपासून त्याची सुरुवात झाली.

रुळांवरची समोरासमोरची स्पर्धा आता मुख्यतः ठेक्याबाहेर, स्वतःच्या जोखमीवर गाड्या सोडणाऱ्यांकडे उरली आहे. फर्स्टग्रुपची लुमो २०२१ पासून लंडन–एडिनबरा धावते, त्याच ईस्ट कोस्टवर, स्टेजकोच-व्हर्जिननंतर तो चालवणाऱ्या सरकारी एलएनईआरशी टक्कर देत. नव्या रचनेत रूळ कोणाला द्यायचे हे ग्रेट ब्रिटिश रेल्वेज ही सरकारी संस्था ठरवणार आहे, आणि एलएनईआरसारख्या गाड्याही तीच चालवणार आहे. एक्सेटरला जाणाऱ्यासाठी नियामकांनी फर्स्टकडून जशी हमी घेतली, तशी एडिनबराच्या प्रवाशासाठी सरकारकडून कोण घेणार, हे कायद्यात आधीच लिहून ठेवायला हवं.