माश्यांनी घर कसं निवडलं?

वसंतात कधी कधी फांदीला मधमाश्यांचा मोठा घोस लटकलेला दिसतो. जुनं पोळं सोडलेली ही मंडळी नव्या घराच्या शोधात असते. युरोपीय मधमाश्यांचा अभ्यास जर्मनीत मार्टिन लिंडाउअर यांनी १९५०च्या दशकात केला, पुढे अमेरिकेत थॉमस सीली यांनी. त्यातून दिसलं, की काहीशे टेहळ्या माश्या अनेक ढोल्या हेरून येतात आणि शेवटी एकच उरते. राणी यात काहीच ठरवत नाही.

ढोली पाहून आलेली माशी घोसावर नाचून तिची दिशा आणि अंतर सांगते. चाळीसेक लिटरची, लहान तोंडाची ढोली असेल तर नाच लांबतो. सुमार असेल तर लवकर आटोपतो. नाच बघणारी माशी स्वतः जाऊन जागा पाहते, मगच नाचते. मग आधी सापडलेली जागाच जिंकणार नाही का? शंका रास्त आहे. पण प्रत्येक फेरीगणिक माशीचा नाच आपोआप आखडत जातो, जागा कितीही चांगली असली तरी. सुमार जागेचा प्रचार त्यामुळे नवे समर्थक मिळण्याआधीच विझतो, उत्तम जागेचा मात्र टिकतो. मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच: हट्ट न धरणं इथे गाळणीचं काम करतं. वर प्रतिस्पर्धी नाचणारीला डोक्याने ढुशी देऊन थांबवणाऱ्या माश्याही असतात. एखाद्या ढोलीपाशी वीस-तीस टेहळ्या एकाच वेळी जमल्या, की त्या परतून बाकीच्यांना उड्डाणासाठी स्नायू तापवायचा इशारा देतात.