मज्जारज्जूची इजा व ऑनलाइन रोजगार-साहाय्य

मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीच्या रोजगाराचा प्रश्न प्रवास, वेळ व हातांची शक्ती या तीन अंगांनी तपासावा लागतो. व्यवहारात मात्र ही तिन्ही अंगे एकत्र करून 'काम होणार नाही' असा एकच निष्कर्ष काढला जातो.

यांपैकी प्रवासाचा अडसर पनवेलसारख्या ठिकाणी स्पष्ट दिसतो. हार्बर मार्गाच्या या टोकापासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत लोकलने सव्वा तासाच्या आसपास लागतो. गाडीत अपंगांसाठी राखीव डबा असतो. तथापि फलाट व डबा यांमधील फट चाकाच्या खुर्चीला अडविते. घरून संगणकावर करावयाच्या कामाने हा अडसर दूर होतो.

वेळेचा अडसर मात्र त्याने आपोआप दूर होत नाही. इजेच्या खालील भागाची संवेदना गेलेली असल्याने दाबव्रण टाळण्यासाठी दर पंधरा ते तीस मिनिटांनी अंगावरील भार हलवावा लागतो, आणि अनेकांना दर चार ते सहा तासांनी नळीने मूत्राशय रिकामे करावे लागते. सलग आठ तास पडद्यासमोरील हजेरी मोजणारा मालक जुनीच भिंत घरात आणून उभी करतो.

तिसरे अंग हातांच्या शक्तीचे. वक्षभागातील इजेत हात शाबूत राहतात. मानेच्या सहाव्या खंडाच्या पातळीवरील इजेत मनगट उचलता येते व त्यायोगे चिमटीत वस्तू धरता येते. पाचव्या खंडाच्या पातळीवर प्रायः कोपर वाकविण्यापुरतीच शक्ती उरते, आणि लेखनासाठी आवाज ओळखणाऱ्या साधनाचा आधार घ्यावा लागतो.

या संदर्भात शासकीय व्यवस्थेकडे पाहता येते. १९६८ साली मुंबई व हैदराबाद येथे अपंगांसाठी व्यवसाय पुनर्वसन केंद्रे निघाली. २०१५ साली 'नॅशनल करिअर सर्व्हिस' ही ऑनलाइन सेवा सुरू झाली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने शासकीय आस्थापनांत किमान ४ टक्के जागा राखून ठेवल्या, आणि सेवेत असताना अपंगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्यास काढून टाकण्यास मनाई केली. परंतु बांधकामावरून पडलेल्या रोजंदारी मजुराला राखावी अशी नोकरीच नसते. त्याला नवे कौशल्य व नवे काम, दोन्ही शोधावी लागतात. ऑनलाइन साहाय्याची खरी कसोटी तोच होय.

आरक्षणासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. हा आकडा हक्क ठरविण्यास आवश्यक आहे. पण तो गमावलेल्या शक्तीचे माप आहे, उरलेल्या शक्तीचे नव्हे. वर वर्णिलेले तिघेही ही मर्यादा ओलांडू शकतात, तरी तिघांना योग्य असे काम एक नसते. म्हणून टक्केवारीच्या जोडीला हातांनी काय करता येते, कोणते साधन लागते आणि दिवसाचे कोणते तास मोकळे असतात, या तीन गोष्टींची नोंद असली, तरच मनुष्य व काम यांची सांगड घालता येईल.