बाहेर जायचे दार उघडे, परतीचे दार कोणाच्या हाती?

१९१७ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पण येताना त्यांनी एक गोष्ट मिळवून घेतली होती. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची लंडन विद्यापीठाची परवानगी. सिडनहॅम कॉलेजात त्यांनी नोकरी केली, पैसा जमवला आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी.

आज तशी परवानगी प्रत्येक विद्यार्थ्याला मिळाल्याचे सांगितले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'चे विनियम काढले. पास झालेल्या विषयांचे क्रेडिट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते, जास्तीत जास्त सात वर्षे टिकते आणि दुसऱ्या विद्यापीठात नेता येते. योजना वाईट नाही. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात घर चालते कापूस, सोयाबीन आणि तुरीवर. पीक बुडाले की आधी कॉलेज सुटते. पोरगा पुण्याच्या कंपनीत जातो, पोरीचे लग्न उरकले जाते. अशा पोरांची पास झालेली दोन सेमिस्टर वाया जाऊ नयेत, हे आम्हालाही हवेच आहे.

पण वकिलाची नजर बारीक अक्षरावर जाते. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ क्रेडिट आणि वर ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप केली की 'प्रमाणपत्र' घेऊन बाहेर पडता येते. मात्र प्रमाणपत्रासाठी वापरलेले क्रेडिट खात्यातून कायमचे वजा होतात, असे विनियमच सांगतात. मग परत आल्यावर ते कसे धरणार? दुसऱ्या वर्षाला जागा नसेल तर? मधल्या खंडानंतर शिष्यवृत्ती पुन्हा सुरू होईल काय? पूर्वी ज्याला गळती म्हणत, त्यालाच आता 'एक्झिट' म्हणायचे आणि आकडे सुधारले म्हणून पाठ थोपटून घ्यायची, हा धोका आम्हाला दिसतो. सावकाराच्या तगाद्याने बाहेर पडणाऱ्या पोराला 'पर्याय निवडला' असे म्हणणे ही थट्टा आहे.

'स्वयम्'चे तसेच. २०२१ च्या नियमाने एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून करता येतात. शिकणे फुकट, परीक्षेला फी. आणि कॉलेजने तो कोर्स आधी मान्य केलेला नसेल, तर पास होऊनही क्रेडिट मिळत नाही. ही माहिती खेड्यातल्या पोराला सांगतो कोण? नोटीस बोर्डावरचा इंग्रजी कागद?

म्हणून आमचे सांगणे एवढेच. कॉलेज सोडण्याची वेळ आलीच, तर घाईने प्रमाणपत्र घेऊ नका. आधी स्वतःच्या मोबाईलवर खाते उघडून प्रत्येक सेमिस्टरचे क्रेडिट चढले की नाही ते पाहा. नसेल तर प्राचार्यांना अर्ज द्या. परतीचा प्रवेश, क्रेडिटची गणना आणि शिष्यवृत्ती या तिन्हींबद्दल लेखी उत्तर मागा. तोंडी 'होऊन जाईल' चालणार नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. उत्तर आले नाही तर सरकारी वा अनुदानित कॉलेजात माहिती अधिकाराचा अर्ज टाकता येतो. त्याला उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची आहे.