महाविद्यालयाचा उंबरठा आणि त्याची भाषा

महाविद्यालयात नव्याने दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी प्रारंभी काही दिवसांचा परिचयवर्ग योजावा, अशी शिफारस विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली ‘दीक्षारंभ’ नावाच्या मार्गदर्शिकेद्वारे केली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने याच स्वरूपाचा तीन आठवड्यांचा कार्यक्रम त्यापूर्वीच सुचविला होता. त्यामागे गांधीनगर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २०११ साली सुरू झालेल्या पाच आठवड्यांच्या पायाभूत वर्गाचा अनुभव होता. व्यायाम, कला, मानवी मूल्यांविषयी चर्चा, परिसराची ओळख अशी त्याची घडण आहे. या कार्यक्रमाच्या प्रशासकीय अंगाविषयी पुष्कळ बोलले जाते. त्याच्या भाषिक अंगाकडे मात्र क्वचितच लक्ष जाते, आणि आपल्या अभ्यासविषयाचा संबंध नेमका तेथेच येतो.

आरंभ नावापासूनच करू. ‘दीक्षारंभ’ हा शब्द उघडच ‘दीक्षान्त’ या शब्दाच्या जोडीस घडविलेला आहे. जिचा अंत समारंभपूर्वक होतो, तिचा आरंभही तसाच व्हावा, हा त्यातील तर्क होय. परंतु मराठीत ‘दीक्षा’ म्हटले की पंथप्रवेश आठवतो, आणि नागपूरच्या विद्यार्थ्याला तर १९५६ सालच्या एका निश्चित घटनेचे स्मरण होते. दीक्षेत पूर्वीचे काही टाकून नवे स्वीकारणे अभिप्रेत असते. उलट, इंग्रजीतील ‘ओरिएंटेशन’ या शब्दाच्या मुळाशी पूर्व दिशा आहे: तोंड पूर्वेकडे करणे, म्हणजे आपण कोठे उभे आहोत हे ओळखणे. येथे काही टाकावयाचे नसते. आपल्याकडील ‘दिङ्मूढ’ हा शब्द या अवस्थेचे वर्णन अधिक नेमके करतो. नवागत विद्यार्थी अज्ञानी नसतो, तो दिङ्मूढ असतो. त्याला दीक्षा द्यावयाची की दिशा, हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही.

या प्रश्नाला समाजशास्त्रात एक इतिहास आहे. आर्नोल्ड व्हॅन गेनेप याने १९०९ साली संक्रमणविधींचे विवेचन करताना त्यांच्या तीन अवस्था दाखविल्या: पूर्वस्थितीपासून वियोग, मधली उंबरठ्यावरील अवस्था, आणि नव्या स्थितीत समावेश. १९७५ साली व्हिन्सेंट टिंटो याने, विद्यार्थी महाविद्यालय अर्धवट का सोडतात याविषयी आपला सुप्रसिद्ध सिद्धांत मांडला, आणि पुढे व्हॅन गेनेपच्या या तीन अवस्थांचा त्याला आधार दिला. विद्यार्थी संस्थेच्या बौद्धिक व सामाजिक जीवनात जितका मिसळतो तितका तो टिकतो, असे त्याचे म्हणणे. अमेरिकेतील अनेक प्रवेशोत्तर कार्यक्रमांस या विचाराचा आधार मिळाला आहे. १९९२ साली विल्यम टियर्नी याने या मांडणीवर मर्मग्राही आक्षेप घेतला. व्हॅन गेनेपने वर्णिलेले विधी एकाच संस्कृतीच्या अंतर्गत घडतात. जमातीतील मुलगा प्रौढ होतो तो आपल्याच जमातीत. परंतु अमेरिकेतील मूलनिवासी समाजाचा विद्यार्थी महाविद्यालयात येतो तेव्हा तो स्वतःच्या संस्कृतीतील पुढच्या पायरीवर चढत नसतो; तो दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकीत असतो. त्याला ‘वियोग’ सुचविणे म्हणजे स्वतःचे सोडून येण्यास सांगणे होय.

मला हा आक्षेप महाराष्ट्राच्या संदर्भात अधिकच सार्थ वाटतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून, मराठी माध्यमातून आलेली आणि घरातील पहिलीच पदवीची विद्यार्थिनी शहरातील विज्ञान महाविद्यालयात दाखल होते, तेव्हा कोणता विधी घडतो? शिक्षिकेला ‘बाई’ म्हणून हाक मारताच वर्गात हसू फुटते, आणि ‘मॅडम’ हा शब्द ती त्याच दिवशी शिकते. कोणत्याही मार्गदर्शिकेत नसलेला हा पहिला पाठ होय. संस्थेने रीतसर विधी योजला नाही तर उंबरठ्यावरील जागा रिकामी राहत नाही. तेथे दुसरे कोणी उभे राहते. रॅगिंग हा असाच एक बनावट दीक्षाविधी आहे, आणि त्याचे माध्यमही बहुधा भाषाच असते: ‘इंट्रो’ वदवून घेणे, आपल्याहून एकाच वर्षाने मोठ्या मुलाला ‘सर’ म्हणावयास लावणे, उच्चारांची टिंगल करणे.

आयोगाच्या २००९ सालच्या रॅगिंगविरोधी विनियमांत या बाबतीत शहाणपणाच्या काही तरतुदी आहेत. नवागताला साहाय्यासाठी कोणाकडे जावे हे सांगणारे छापील पत्रक द्यावे, आणि नवागतांचे लहान गट करून प्रत्येक गट एकेका अध्यापकाकडे सोपवावा, असे तेथे म्हटले आहे. विद्यार्थ्याच्या प्रतिज्ञापत्रासाठी तर त्याला अवगत असलेल्या प्रादेशिक भाषेचाही विचार केलेला आहे. ज्या कागदाने विद्यार्थी बांधला जातो तो त्याला कळावा, हे येथे मान्य झाले. ज्या कागदांनी त्याचा लाभ व्हावयाचा, त्यांच्या बाबतीत ही दक्षता आढळत नाही.

कारण स्वागतसमारंभात नेमके काय बोलले जाते? मॅलिनोव्स्की याने १९२३ साली भाषेच्या एका व्यापाराकडे लक्ष वेधले. त्यात शब्दांनी माहिती दिली जात नाही, केवळ स्नेहसंबंध जोडला जातो. प्राचार्यांचे स्वागतपर भाषण या जातीचे असते, आणि त्यात गैर काही नाही. गैर होते ते पुढे. त्याच व्यासपीठावरून, त्याच सुरात, श्रेयांकपद्धती, उपस्थितीचे नियम व शिष्यवृत्तीच्या मुदती सांगितल्या जातात, आणि श्रोता तेही स्वागतच समजून ऐकतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार झालेल्या रचनेत ‘मेजर’, ‘मायनर’, ‘एईसी’, ‘व्हीएससी’ अशा संज्ञांची भर पडली आहे. त्यांचा उलगडा करणाऱ्या पडद्यावरील चित्रफिती झर्रकन सरकतात.

एक उदाहरण घेऊ. ‘एटीकेटी’ या आद्याक्षरांचा विस्तार ‘अलाउड टू कीप टर्म्स’, म्हणजे पुढील सत्रे चालू ठेवण्यास दिलेली अनुमती, असा आहे. काही विषयांत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून केलेली ही सवलत होय. विद्यार्थ्यांच्या बोलीत मात्र ‘के.टी. लागली’ असे म्हणतात. ठेच लागते, दृष्ट लागते, तशी के.टी. लागते! अनुमतीचे आपत्तीत झालेले हे अर्थांतर कोशकाराला रंजक वाटेल. परंतु पहिल्या सत्राचा निकाल हाती घेऊन ‘आता शिक्षण संपले’ असे समजून गावी परतणाऱ्या मुलाला ते महाग पडते. ‘स्कॉलरशिप’ आणि ‘फ्रीशिप’ यांचेही तसेच. पहिलीत शुल्काबरोबर निर्वाहभत्ताही असतो, दुसरीत केवळ शुल्कमाफी. दोहोंच्या अटी निराळ्या. यमक जुळते म्हणून अर्थही जुळतो असे समजणारा अर्जदार चूक रकान्यात अडकतो.

कार्यालयाची ही भाषा दोन-तीन बैठकांत समजावून देता येते. विद्येची भाषा तशी येत नाही. बोर्द्यू व पासरों यांनी १९६०च्या दशकात फ्रेंच विद्यापीठांचा अभ्यास करताना दाखविले की, विद्वत्तेची भाषा कोणाचीच मातृभाषा नसते. मात्र काही घरे तिच्यापासून जवळ असतात, काही दूर. जिम कमिन्स याने १९७९ साली संभाषणाची भाषा व अभ्यासाची भाषा असा भेद केला. स्थलांतरित मुलांना पहिली साधारण दोन वर्षांत साधते, दुसरीला पाच ते सात वर्षे लागतात, असे त्याच्या पुढील अभ्यासात आढळले. आपल्या राज्यात इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे येथे लावणे योग्य नव्हे. तथापि पदवी तीन-चार वर्षांत संपते, हे ध्यानात घेता ‘संभाषणकौशल्या’च्या आठवडाभराच्या वर्गावर किती भिस्त ठेवावी, याचा विचार झाला पाहिजे. मला तर त्या वर्गापेक्षा, प्रत्येक विषयाच्या अध्यापकाने पहिल्या महिन्यात आपल्या विषयातील पन्नास संज्ञा मराठीत उलगडून सांगणे अधिक उपकारक वाटते.

आपल्याकडे हे कार्य एके काळी वसतिगृहांनी केले. शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून कोल्हापुरात उभी राहिलेली विद्यार्थी-वसतिगृहे, भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेले छात्रालय, १९५० साली डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत स्थापिलेल्या महाविद्यालयाच्या परिसरातील विद्यार्थिजीवन, या ठिकाणी नवागताला दिशा देणारा असे तो बहुधा त्याच्याच सारख्या घरातून, दोन वर्षे आधी आलेला विद्यार्थी. तो एकाच वेळी घरची आणि कॉलेजची अशा दोन्ही भाषा जाणत असे. टियर्नीच्या आक्षेपाला यापेक्षा चांगले व्यावहारिक उत्तर मला दिसत नाही.

अशा दुभाषी ज्येष्ठांची निवड करणे कोणत्याही विभागास शक्य आहे. अडचण वेळेची आहे. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, आणि शेवटच्या फेरीत येणारा विद्यार्थी दाखल होतो तेव्हा परिचयवर्ग संपून घटक चाचणी जवळ आलेली असते. ज्याला त्याची सर्वाधिक गरज, तोच त्यास मुकतो. म्हणून हा वर्ग एकदाच, समारंभासारखा न घेता, पहिल्या सत्राच्या निकालानंतर पुन्हा घ्यावा. त्या दिवशी व्यासपीठ नसावे, आणि पहिला विषय ‘के.टी. म्हणजे काय’ हा असावा.