नुकसानभरपाई आणि विमेदाराचा कैवारी
वेळापुरातील एखाद्या छोट्या दुकानात अतिवृष्टीचे पाणी शिरून मालाची नासधूस झाली, तर तिचे मूल्यमापन करणारा सर्वेक्षक १९३८ च्या विमा कायद्यान्वये परवानाधारक असला, तरी त्याची नेमणूक विमा कंपनीच करते. अमेरिकेत विमेदाराच्या वतीने दावा चालविणाऱ्या ‘पब्लिक अ‍ॅडजस्टर’सारखा स्वतंत्र परवानाधारक कैवारी आपल्याकडे नाही. म्हणूनच भिंतीवरील पाण्याच्या खुणेचे छायाचित्र, भिजलेली साठावही, खरेदीच्या पावत्या आणि तलाठ्याचा पंचनामा असे दप्तर विमेदाराने स्वतःच सिद्ध ठेवावे, सर्वेक्षकाच्या अहवालाची नक्कल मागून घ्यावी, आणि दावा फेटाळला जाऊन कंपनीकडील लेखी तक्रारीचीही दाद लागली नाही, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे विनाशुल्क अर्ज गुदरावा. हप्ता भरून संपादन केलेल्या हक्काची मागणी करताना संकोच कसला?